पुडी कोणी बांधली, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील बासष्ट वर्षांचे, तंबाखूची जुनी सवय, उजव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आठ महिन्यांनी मानेत गाठ परत आली आणि पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही दोन ठिपके दिसले. तुमच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं मेट्रोनॉमिक औषध (थोड्या मात्रेत सतत चालणारं) आणि त्यासोबत कमी मात्रेचं निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुचवलं आहे. दरम्यान एका क्लिनिकने ‘एनके पेशींपासून काढलेल्या एक्झोसोम’ची, म्हणजे प्रतिकारपेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांची, सहा सलाइनं सांगितली. केमो नाही, त्रास नाही, पैसे मात्र आगाऊ. तुम्ही विचारता, हे शास्त्र खरं आहे का? आणि खरं असेल तर आमच्या डॉक्टरांनी ते का सांगितलं नाही? शिवाय, कार-टी नावाचा पेशी-उपचार चालेल का?

शास्त्र खरं आहे. त्या सलाइनला मात्र आज कसलाही पुरावा नाही. एकाच विषयाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे समजायला जरा मागे जावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर शेवटचे तीन-चार परिच्छेद आधी वाचा.

शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडायची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१ पासून रुग्णांच्या गाठीत जिवाणू टोचत होते, कारण त्वचेचा जोरदार संसर्ग होऊन गेल्यावर एखाद्याची गाठ विरघळल्याची नोंद त्यांना सापडली होती. पद्धत धोक्याची होती आणि निकाल बेभरवशाचे, त्यामुळे रेडिएशन आल्यावर ती मागे पडली. पण त्याच कुळातलं एक औषध आजही रोज वापरात आहे. मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये आम्ही मूत्राशयात बीसीजी भरतो. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, मात्रा वेगळी. १९७६ पासून हे चालू आहे आणि त्यासाठीची बीसीजी आपल्या पुण्यातही बनते. इम्युनोथेरपी म्हटलं की परदेशी आणि लाखांतलीच असं वाटणाऱ्यांना मी आधी हे सांगतो.

आता पेशींकडे येऊ. कॅन्सरशी थेट दोन हात करणाऱ्या दोन जाती मुख्य, टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी. टी पेशी समोरच्या पेशीच्या अंगावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासते. तुकडा परका वाटला तर ती पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या पडद्याला भोक पाडते आणि त्यातून तिला मारणारं ग्रॅन्झाइम आत सोडते. एनके पेशीची तऱ्हा उलटी. ज्या पेशीने आपले तुकडे दाखवायचंच बंद केलंय, तिच्यावर तिचा संशय. म्हणजे ओळखपत्र चुकीचं असेल तर टी पेशी पकडते आणि ओळखपत्रच नसेल तर एनके. या दोघींच्या मागे डेंड्रिटिक पेशी असतात. त्या स्वतः मारत नाहीत, पण कोणाला मारायचं हे टी पेशींना शिकवतात.

या डेंड्रिटिक पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात शोधल्या. पुढे त्यांनाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी याच पेशींपासून केलेले प्रायोगिक उपचार स्वतःवर करून घेतले. २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले. समितीला हे माहीत नव्हतं. पुरस्कार तसाच ठेवला गेला. त्यांच्या शोधाच्या वाटेवरून आलेली पहिली पेशी-लस २०१० मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली होती. ५१२ रुग्णांच्या चाचणीत तिने सरासरी आयुष्य सुमारे चार महिन्यांनी वाढवलं. चार महिने. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ‘तुमच्याच पेशी वापरून’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पूर्ण बरं होणं येतं.

मग या पेशी असताना कॅन्सर होतोच कसा? कारण गाठ त्यांचा ब्रेक दाबते. टी पेशीवर पीडी-वन नावाचा ब्रेक असतो. तो मुळात आपल्याच भल्यासाठी असतो, नाहीतर प्रत्येक सर्दीनंतर टी पेशींनी आपलंच शरीर खाल्लं असतं. गाठीच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल-वन उगवतात आणि तो ब्रेक दाबून धरतात. क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-वन शोधलं. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-फोर या दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेकवरचा पाय काढायला लावणारी औषधं म्हणजे निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब आणि त्यांची भावंडं. ती कॅन्सरला हातही लावत नाहीत. मारायचं काम तुमच्या वडिलांच्या टी पेशींनाच करायचं आहे.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रतिकारपेशींचाच उपचार सांगितला आहे. फक्त त्याचं नाव चकचकीत नाही.

कमी मात्रेबद्दल तुम्हाला शंका आली, ती साहजिक आहे. ‘गरिबाला अर्धी मात्रा’ असं वाटतं. पण हा अभ्यास आपल्या टाटा मेमोरियलचाच आहे. तोंड-घशाचा कॅन्सर पुढे गेलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना तीन औषधांच्या गोळ्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. निम्म्यांना याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभराने पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. सरासरी आयुष्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ७२० विरुद्ध ४०. एवढ्याशाने काम कसं होतं? कारण टी पेशींवरचे पीडी-वन झाकायला औषध फार लागत नाही. थोड्या मात्रेतही त्यातले बरेचसे झाकले जातात आणि बराच काळ झाकलेले राहतात. लहान कुपी ४० मिलिग्रॅमची असते, म्हणून काही ठिकाणी दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावून ती वाटून देतात. तुम्हाला ठरावीक वारीच बोलावलं तर चिडू नका, त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

दहा महिने ऐकून तुमचं मन खट्टू झालं असेल. मलाही हा आकडा सांगताना बरं वाटत नाही. पण ती सरासरी आहे. या औषधांची रीत अशी की पुष्कळांना फारसा उपयोग होत नाही आणि काहींना अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होतो. वडील कोणत्या बाजूला असतील हे आधी नक्की सांगता येत नाही.

कार-टीबद्दल तुम्ही विचारलंय, तेही उरकतो. त्यात रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांना प्रयोगशाळेत नवा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरचं चिन्ह ओळखणारं प्रथिन) बसवतात आणि परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नातून तयार झालेल्या भारताच्या पहिल्या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. अमेरिकेत पहिल्या मंजूर कार-टीची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, आपल्याकडे त्याच्या अगदी थोड्या भागात हे होतं. अभिमानाची गोष्ट आहेच. पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या रक्तपेशींच्या). त्या पेशींवर सीडी-१९ हे चिन्ह असतं. चांगल्या बी पेशींवरही ते असतंच, पण त्या सगळ्या मेल्या तरी माणूस निभावून नेतो. गालाच्या कॅन्सरला असं सोयीचं चिन्ह नाही. त्याच्यावर ईजीएफआर हे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन असतं, पण तेच त्वचेवर आणि आतड्यातही असतं. एर्लोटिनिब हेच ईजीएफआर अडवतं; ते सुरू झाल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येईल ना, ते याचमुळे. गोळी थांबवली की पुरळ जातं. जिवंत, वाढणारी पेशी अशी थांबवता येत नाही. म्हणून तोंडाच्या कॅन्सरला आज मंजूर कार-टी नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे एक्झोसोमकडे.

पेशी आपल्या बाहेर बारीक पिशव्या सोडतात. पुस्तकी मराठीत त्यांना पुटिका म्हणतात, मी रुग्णांना सांगताना पुडी म्हणतो. त्यातल्या सगळ्यांत लहान जातीला एक्झोसोम हे नाव आहे. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर सात-आठशे पुड्या ओळीने बसतील. पेशीच्या पोटात एक पिशवी तयार होते, तिच्या आत आणखी बारीक पिशव्या. मोठी पिशवी पेशीच्या काठाला येऊन उघडली की आतल्या पुड्या बाहेर पडतात. पुडीला पेशीच्याच पडद्याचं वेष्टन, आत पेशीचीच प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे.

१९८३ मध्ये माँट्रियल आणि सेंट लुइस इथल्या दोन गटांनी हे प्रथम नीट पाहिलं, तेही अर्धवट पिकलेल्या तांबड्या पेशींत. त्या पेशी मोठ्या होताना नको असलेली प्रथिनं पुड्यांत बांधून टाकून देत होत्या. त्यामुळे बरीच वर्षं सगळ्यांची समजूत हीच की हा पेशीचा केर. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी पेशींच्या पुड्यांवर ते ‘दाखवायचे तुकडे’ मांडलेले असतात आणि त्या टी पेशींना जागं करू शकतात. केर म्हणून ज्याकडे पाहिलं, ती निघाली निरोपाची पुडी. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेत लॉरेन्स झिटव्होगेल यांनी डेंड्रिटिक पेशींच्या पुड्या उंदरांना टोचल्या आणि त्यांच्या गाठी मावळल्या. तिथून कॅन्सरच्या उपचारात पुड्यांचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

कल्पना मोहक आहे हे मान्य करायला हवं. जिवंत पेशी द्यायची तर ती नाजूक, तिचा मूड सांभाळा, गाठीजवळ गेल्यावर ती दबून जाऊ शकते, कधी इतकी भडकते की रुग्ण आयसीयूत जातो. कार-टी घेतलेली अमेरिकेतली पहिली लहान मुलगी २०१२ मध्ये अशीच मरणाच्या दारात गेली होती. संधिवाताच्या एका औषधाने ती वाचली, आणि ते औषध आठवलं कारण तिच्यावर उपचार करणाऱ्या गटातले संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. पुडीला हे काही होत नाही. ती वाढत नाही, भडकत नाही, गोठवून ठेवता येते.

माणसांत काय झालं? २००५ मध्ये दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फ्रान्समध्ये मेलेनोमाचे (त्वचेच्या एका कॅन्सरचे) १५ रुग्ण, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात फुप्फुसाच्या कॅन्सरचे काही. रुग्णाच्याच रक्तातून पेशी काढायच्या, त्यांच्यापासून डेंड्रिटिक पेशी वाढवायच्या, त्यांच्या पुड्या गोळा करायच्या, त्यांवर कॅन्सरचे तुकडे चढवायचे आणि टोचायच्या. सुरक्षित ठरलं. गाठी मात्र मोजक्याच ठिकाणी हलल्या. मग फ्रान्समध्येच दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. फुप्फुसाचा कॅन्सर, केमोने स्थिरावलेले २२ रुग्ण. ठरवलेलं लक्ष्य असं की निम्म्या रुग्णांत चार महिने आजार वाढू नये. प्रत्यक्षात सात जणांत, म्हणजे ३२ टक्क्यांत ते साधलं. चाचणी लक्ष्याला पोचली नाही.

पण त्यात एक गंमत निघाली. पुड्यांनी टी पेशी जाग्या व्हाव्यात अशी अपेक्षा होती. त्या फारशा झाल्या नाहीत. काही रुग्णांत एनके पेशी मात्र ताज्यातवान्या झाल्या. अपेक्षित दार बंद आणि शेजारचं उघडं, असं संशोधनात नेहमी होतं. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही इतकंच.

एनके पेशींच्या स्वतःच्या पुड्यांवरही काम आहे. २०१२ मध्ये रोमच्या गटाने दाखवलं की त्यांत परफोरिन असतं आणि त्या डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी मारतात. तुमच्या क्लिनिकच्या माहितीपत्रकातलं चित्र बहुधा अशाच कामावरून काढलेलं आहे. आता ऐका. डिशमध्ये कॅन्सरची पेशी हळदीनेही मरते. तिथे ना यकृत असतं, ना प्लीहा. रक्तात टोचलेल्या पुड्या बहुतांश याच दोन अवयवांत जाऊन थांबतात, तेही काही मिनिटांत. मानेतल्या गाठीपर्यंत किती पोचतात, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि नेमका तोच प्रश्न माहितीपत्रकात नसतो.

आणखी दोन कामांचा उल्लेख करतो, कारण ती मला स्वतःला आवडतात. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी कार-टी पेशींच्या पुड्या उंदरांत वापरल्या. त्या पुड्यांवर गाठ ओळखणारा ग्राहक होता पण पीडी-वन नव्हतं, म्हणजे गाठीला दाबायला ब्रेकच नाही. आणि २०२० मध्ये ऑक्सफर्डला दिसलं की टी पेशी मागे एक वेगळंच दारूगोळ्याचं गाठोडं सोडून जातात. त्याला चरबीचा पडदाच नसतो, प्रथिनांचं कवच असतं, आत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. म्हणजे पुडीसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट पुडी नसते. हे क्षेत्र किती कोवळं आहे, त्याचा हा नमुना.

मराठीत ‘पुड्या सोडणे’ म्हणजे खोट्या बातम्या पसरवणे. गाठ हेच करते. तिच्या पेशीही पुड्या सोडतात, आणि प्रतिकारपेशींपेक्षा त्या या कामात जास्त तरबेज असतात. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की मेलेनोमाच्या पुड्यांवर तेच पीडी-एल-वन असतं, ज्याने टी पेशीचा ब्रेक दाबला जातो. म्हणजे गाठ मानेत बसून रक्तभर ब्रेक पाठवते. टी पेशी गाठीजवळ पोचायच्या आधीच वाटेत गारद. त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये थेरेसा व्हाइटसाइड यांच्या गटाने तोंड-घशाच्या कॅन्सरच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच जातीच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात अशा पुड्या मोजल्या. आजार जितका सक्रिय, तितकं त्यांच्यावरचं पीडी-एल-वन जास्त. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या गटाने आणखी एक दाखवलं होतं: पुडीवरच्या काही प्रथिनांवरून ती फुप्फुसात जाणार की यकृतात हे ठरतं, आणि तिथे जाऊन ती पुढे येणाऱ्या कॅन्सरसाठी जागा तयार करते. डबेवाल्यांच्या झाकणावरच्या खुणेसारखं. आत काय आहे ते वेगळं, कुठे उतरायचं ते झाकण सांगतं.

प्रतिकारपेशीही फितूर होतात. गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज (केर-जंतू गिळणाऱ्या) पेशींना गाठ हळूहळू आपल्या कामाला लावते, मग त्यांच्या पुड्या गाठीला केमोपासून वाचवायला मदत करतात. नियामक टी पेशी, ज्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, त्यांच्याही पुड्या बाकीच्या टी पेशींना थंड करतात. एकच कारखाना, पण मालक कोण यावर माल बदलतो. म्हणून ‘प्रतिकारपेशींच्या पुड्या’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कोणत्या पेशीच्या, ती पेशी कोणत्या अवस्थेत होती, कोणाच्या शरीरातली होती, हे कळल्याशिवाय त्या पुडीत औषध आहे की अफू, सांगता येत नाही.

म्हणूनच क्लिनिकला पहिला प्रश्न हाच विचारा: पुडी कोणी बांधली? वडिलांच्याच एनके पेशींपासून असेल, तर त्या पेशी वाढवल्या कुठे, किती दिवस, कशावर? पेशी वाढवताना बऱ्याचदा गाईच्या वासराचं रक्तद्रव घालतात आणि त्यातही स्वतःच्या पुड्या असतात, म्हणजे बाटलीत गाईचं किती हा साधा प्रश्न आहे. दुसऱ्या कोणाच्या पेशी असतील तर दाता कोण, कावीळ बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या कुठे आहेत? मात्रा कशात मोजली? पुड्यांच्या संख्येत की प्रथिनाच्या वजनात? रक्तातून काढल्या असतील तर रक्तातले चरबीचे कण आकाराने त्यांच्यासारखेच असतात आणि संख्येने कितीतरी जास्त, ते वेगळे कसे केले? निर्जंतुकतेचा अहवाल दाखवा. आणि या सगळ्याच्या आधी: सीटीआरआय क्रमांक द्या. भारतात माणसांवरच्या औषधचाचणीची नोंद या सरकारी यादीत करावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. क्रमांक टाकला की चाचणी कोणाची, कुठे, किती रुग्णांची, हे घरबसल्या दिसतं. क्रमांक असेल तर ती चाचणी आहे आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. क्रमांक नसेल आणि पैसे मागत असतील, तर मग ते दुकान आहे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, आजवर कोणत्याही आजारासाठी एक्झोसोमचं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये, नेब्रास्कात असली उत्पादनं टोचून घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाल्यावर, जाहीर इशारा दिला. आपल्याकडेही कॅन्सरसाठी असं मंजूर औषध नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते का सांगितलं नाही, याचं उत्तर एवढंच. त्यांना माहीत नाही म्हणून नव्हे. माहितीपत्रकावर ‘नोबेल विजेतं तंत्रज्ञान’ असं लिहिलं असेल तर तेही सांगतो: २०१३ चं नोबेल पेशीच्या आतली पुड्यांची वाहतूक कशी चालते या शोधाला होतं. टोचायच्या एक्झोसोमचा त्यात काही संबंध नाही.

‘पण अपाय तर नाही ना, दोन्ही घेऊ,’ असं घरात कोणीतरी म्हणणारच. बहुधा एखादे मामा किंवा काका. अपाय असा: अज्ञात सलाइननंतर वडिलांना ताप आला, यकृताचे आकडे वाढले, तर ते त्या सलाइनमुळे, निवोलुमॅबमुळे की संसर्गामुळे हे आम्हाला ओळखता येत नाही. मग जे उपयोगी पडू शकतं ते निवोलुमॅबच आधी थांबवावं लागतं. माझ्याकडे जिभेच्या कॅन्सरच्या एक बाई आल्या होत्या, शेजारच्या शहरातल्या कुठल्याशा केंद्रात चार महिने ‘प्रतिकारशक्तीच्या पेशी’ घेऊन. घरच्यांनी शेतीचा तुकडा विकला होता. गाठ त्या चार महिन्यांत ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. मी त्या घरच्यांना काही बोललो नाही. त्यांनी आशेवर पैसे लावले होते आणि तसं कोणीही लावेल.

आता हाती आहे ते नीट करू. निवोलुमॅबच्या आधी थायरॉइड, साखर, सोडियम आणि यकृताच्या तपासण्या करून ठेवा, म्हणजे पुढे काही बदललं तर कळेल. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधी कधी आपल्याच अवयवांवर उलटतात आणि २० मिलिग्रॅममध्येही हे होऊ शकतं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा जिना चढताना दम, एकाएकी ओढून घेतल्यासारखा थकवा, लघवी गडद होणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा. जुलाब थांबायची गोळी परस्पर देऊन वाट पाहू नका. हे त्रास स्टेरॉइडने बहुतेक वेळा आवरतात, पण लवकर. गावातल्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ हे आधी सांगा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, त्या डबीवर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा. रोज घेतलं गेलेलं मेथोट्रेक्सेट जिवावर बेततं. दर वर्षी निदान एकदा तरी अशी चूक मी पाहतो.

एक्झोसोमवर घालवणार होता त्यातले थोडे पैसे जेवणावर घाला. तोंड उघडत नसेल, वजन उतरत असेल तर नाकातून नळी घालायला लाजू नका. प्रथिनं पोटात गेली नाहीत तर टी पेशी तरी कशाच्या बनणार? खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी जा, औषध सुरू झाल्यावर नव्हे.

आणि एक गोष्ट तुमच्या रिपोर्टमध्ये मला खटकली. फुप्फुसातल्या ठिपक्यांची बायोप्सी झालेली दिसत नाही. आपल्याकडे पेट स्कॅनमध्ये चमकणारा प्रत्येक ठिपका कॅन्सरचा नसतो, जुना किंवा चालू टीबीही तसाच चमकतो. शिवाय निवोलुमॅबसारख्या औषधांनी दबलेला टीबी उसळल्याच्या नोंदी आहेत. आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा की हे ठिपके टीबीचे नाहीत हे आपण कशावरून म्हणतोय. वडिलांना पूर्वी कधी टीबीच्या गोळ्या चालू होत्या का, हे आईला आठवत असेल. पुढच्या भेटीला जाताना छातीचा जुना एक्स-रे घरात असेल तर फाइलमध्ये ठेवा, कितीही पिवळा पडलेला असला तरी.